डावा खांदा

"काकांना आता काहीच कळत नाही," पुतण्या मला जिन्यातच म्हणाला. त्याला काकांचा कायदेशीर पालक व्हायचं होतं आणि कोर्टाने मला, म्हणजे डॉक्टरला, त्यांची तपासणी करायला पाठवलं होतं. त्याची ही घाई मला तिथेच खटकली.

काकांनी पंचावन्न वर्षं कोट शिवले होते. मी त्यांना आजचा वार विचारला, तर उत्तर पुतण्याने दिलं. वय विचारलं, तेही त्यानेच सांगितलं.

"तुम्ही जरा गप्प बसता का?" मी खेकसले.

काका पुतण्याच्या छातीकडे एकटक बघत होते. "बघा, दिवसभर असेच बसतात," तो म्हणाला.

"हा कोट मीच शिवलाय," काका बोलले. "दोन्ही खांदे सारखे होते. आज डावा ओढला गेलाय. आतल्या खिशात काहीतरी जड आहे."

मी हात पुढे केला. पुतण्याने नाइलाजाने कागदांची जाड घडी काढून दिली. काकांचं घर विकायचा करार होता. "सह्या येत्या सोमवारी, पालकामार्फत," मी मोठ्याने वाचलं.

"मघाशी वार विचारलात ना, डॉक्टर?" काका म्हणाले. "आज गुरुवार. मला वेडा ठरवायला याच्याकडे चारच दिवस आहेत."