कोबोलरावांची बढती

ऑफिसात त्यांना सगळे कोबोलराव म्हणत. विम्याचे हप्ते न् दावे ज्या जुनाट प्रोग्रामांवर चालायचे, ते कोबोल भाषेतले, आणि ती भाषा येणारे सबंध मजल्यावर हे एकटेच. बरोबरीचे लोक नवनव्या भाषा शिकायला धावत, तेव्हा हे चहा फुंकत म्हणायचे, "धावा लेको! जुनं ते सोनं." आता सोनं कुणी पळवू नये म्हणून गड्यानं काय करावं? प्रोग्राममधल्या रकमांना सासरची नाती चिकटवली! हप्ता म्हणजे मेहुणा, सूट म्हणजे साडू, व्याज म्हणजे सासूबाई. मेहुण्यातून साडू का वजा होतो, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही कळलं नसतं.

यंदा विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती. निवृत्तीआधीची ही शेवटची संधी, आणि त्या खुर्चीवर कोबोलरावांचा भारी जीव. साहेब म्हणाले, "खुर्ची तुमचीच धरा. फक्त तुमचं काम कुणाला तरी शिकवून ठेवा." आणि चार-पाच वर्षं नोकरी झालेली एक चुणचुणीत पोरगी त्यांच्या शेजारी आणून बसवली.

पोरीनं भाषा बघता बघता उचलली. "सोपी आहे की हो काका! पण हा साडू कोण?"

कोबोलराव एकदम सावध झाले. हिला सगळं कळलं तर आपल्याला कुत्रं तरी विचारेल का? खुर्चीच्या आधी नारळच हातात पडायचा! "अनुभवानं कळतं ते," म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं. रोज हेच. शेवटी पोरगी वैतागली, कोपरापासून हात जोडले आणि दुसऱ्या कामावर निघून गेली.

त्या संध्याकाळी कोबोलराव शीळ घालत घरी आले. "कट केला पत्ता!"

"कुणाचा?" बायकोनं विचारलं.

पुढच्याच महिन्यात खुर्ची भरली. त्याच पोरीनं. कोबोलराव तणतणत साहेबांकडे गेले.

"अहो, तुम्हाला हलवू कसं?" साहेब म्हणाले. "तुमचं काम दुसऱ्या कुणाला येतं का? तुम्हीच सांगा."

कोबोलरावांनी कपाळावर हात मारला. बाहेर येतात तो नव्या प्रमुखबाई त्यांच्याच टेबलाशी उभ्या.

"काका, दाव्यांचा प्रोग्राम अडकलाय. आजच बघाल ना?"

"बघतो, मॅडम," कोबोलराव म्हणाले, आणि आपल्या जागेवर बसले.