प्रेमलावहिनींवर लक्ष ठेवणारे दिवे

शेजारच्या प्रेमलावहिनींनी देवळाली प्रवरेच्या शाळेत अर्ध्या गावाला पाढे शिकवले. नवरा लवकर गेला, मुलाला, शौनकला, त्यांनी एकटीने वाढवलं. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की पाहुण्यालाही चार शब्द सुनावणारी ही बाई. तिच्याच घरात आता भरदुपारीसुद्धा दिवे चालू असतात.

ते शौनकने लावले. तो पुण्यात असल्या दिव्यांच्याच कंपनीत आहे. यात कॅमेरा नाही. खोलीत माणूस हललं की उजेडात पडणारा फरक दिव्याला कळतो आणि शौनकच्या मोबाईलवर निरोप जातो, हालचाल ठीक. उजेडातून इंटरनेटही चालतं म्हणे. समजावून सांगताना पोराचा चेहरा इतका फुलला होता, की वहिनी नुसत्या मान डोलावत राहिल्या. मला तेव्हाच चीड आली होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पूर्वी रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच, पण यायचा. दिवे लागले आणि फोन थांबला. विचारायचं काय, सगळं कळतंच आहे. वहिनींनी आपण होऊन केला, तर मीटिंगमध्ये असल्याचा मेसेज.

परवा सकाळी वहिनी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या त्या उठेचनात. जेवल्याही आमच्याकडेच. शेवटी म्हणाल्या, "घरात कोणी हलत नाही असं दिसलं, तर करेल ना हो फोन?"

मोबाईल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई लहान मुलासारखी लपून बसलेली, आणि मला हसू काही आलं नाही.

फोन आला तो माझ्या मोबाईलवर.

"रविकाका, आमच्या घरची हालचाल सकाळपासून दिसत नाहीये. दिवा बिघडलाय बहुतेक. जरा बघता का? आईला त्यातलं काही कळणार नाही, म्हणून तुम्हाला केला."

आवाज वहिनींनाही ऐकू गेला. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला.

"भाऊजी, सांगा त्याला, दिवा चांगला आहे."

मी सांगितलं. तोंडाशी आलेल्या शिव्या त्यांच्याकडे बघून गिळल्या. त्यांनी चपला घातल्या, घरी गेल्या आणि दिव्याखाली येरझाऱ्या घालू लागल्या.

थोड्याच वेळात शौनकचा मेसेज आला, थँक्स काका, झाला चालू.