काविळीची माळ आणि परत न आलेली वही

स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला देणग्या मिळाव्यात म्हणून तुम्ही दोघं थंडीत अर्ध्या चड्ड्या घालून धावलात, तो फोटो पोचला. हा रोग आजीला माहीत आहे का, असं फोटोच्या मागे लिहिलंय. थोडाफार माहीत आहे.

ऐंशीच्या दशकात तुमच्या आजोबांचे डोळे पिवळे झाले. रत्नागिरीत तेव्हा काविळीवर कुणीही इलाज सांगायचं, डॉक्टर सोडून. माझ्या सासूबाईंनी मंडणगडकडच्या एका बाईकडून माळ मागवली. हिरव्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून बांधलेले. ही माळ डोक्यावर ठेवायची. ती लांबत लांबत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. काड्या वाळल्या की गाठी सैल पडतात, एवढं मला कळत होतं. इंग्रजी शाळेत शिकले होते.

"मुंबईला दाखवू या," मी म्हटलं.

"डोक्यावर माळ असताना गाव सोडायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या पुस्तकात नसेल ते."

मग मी माझ्या शिक्षणाला शोभेल असं काम केलं. वही केली, समास आखून. लघवीचा रंग, खाज, वजन, रोज ठरल्या वेळी. पहिल्या पानांवर मागचं आठवून लिहिलं: मिरकरवाड्याहून बांगडे निवडून आणणारा माणूस तळणीच्या वासाने उठून जातो, पाठ दुखते, म्हणून गादी बदलली, रक्तात साखर निघाली, म्हणून चहा अगोड केला. इतकं नीटनेटकं अज्ञान जिल्ह्यात दुसरीकडे नसेल.

तीन आठवड्यांनी माळ गळ्यात उतरली. सासूबाईंनी पेढे वाटले. डोळे हळदीसारखेच होते, पण माळेपुढे डोळ्यांचं कोण ऐकतो?

आता गाव सोडायला हरकत नव्हती. मुंबईच्या धर्मादाय इस्पितळातला तरुण डॉक्टर म्हणाला, गाठ स्वादुपिंडात आहे, यकृतापर्यंत पसरली आहे, ऑपरेशनची वेळ गेली. मग त्याने माझी वही चाळली आणि पहिल्या पानांवर थांबला.

"काकू, हे पिवळं व्हायच्या आधीचं?"

"हो."

"ही वही आणि काकांचं थोडं रक्त द्याल? लोकांच्या देणग्यांवर आमचं संशोधन चालतं. हा रोग लवकर कसा ओळखायचा, ते शोधतोय."

"यांना त्याचा उपयोग?"

"नाही."

इतकं सरळ उत्तर त्या महिनाभरात कुणी दिलं नव्हतं. मी वही पिशवीत घातली.

तुमच्या आजोबांनी बाही वर सारली. "माळेला डोकं दिलं, याला हात देऊ. अगो, वही दे त्याला. घरी नेऊन काय समास बघत बसणार आहेस?"

दिली. गणपती येईपर्यंत ते राहिले नाहीत. नक्कल करून वही परत पाठवतो म्हणाला होता डॉक्टर. अजून आलेली नाही.

तर तुमच्या त्या देणगीवाल्यांना विचारा, हा रोग आता वेळेत ओळखता येतो का. येत असेल, तर वही खुशाल ठेवून घ्या म्हणावं. येत नसेल, तर पहिली पानं पुन्हा वाचा. अक्षर सुवाच्य आहे.