नानांचे पाशिंजर

कोणी काही छातीठोकपणे सांगू लागलं की नाना उजव्या हाताचा पंजा त्याच्यासमोर धरायचे. "तिकीट दाखव." म्हणजे हे तुला कोणी सांगितलं, आणि त्याला कुठून कळलं, ते आधी बोल. समोरचा "असंच कानावर आलं" म्हणाला, की नाना म्हणायचे, "मग उतर खाली. फुकटी बातमी आपल्या गाडीत चालत नाही."

एस.टी.त कंडक्टर म्हणून त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर ते आमच्या धुळ्याच्या वाचनालयात येऊन बसू लागले. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. मी तिथे पुस्तकांच्या देवघेवीवर होते. माझे वडील मार्केटात पोती उचलायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगायला मी कुठेही लाजत नाही. नानांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरं झालं. मी सातवी नापास. तू वाच, मी भांडतो."

कामाची वाटणी तशीच झाली. सकाळी पेपर वाचायला येणारे म्हातारे हळूच काही विचारत. बरं वाटल्यावर बीपीची गोळी सोडावी का? घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याने बाहेर काढलं तर? नानांना उत्तर ठाऊक नसायचं, आणि तसं म्हणायला ते अडखळत नसत. "मला नाही ठाऊक. ज्याला ठाऊक, त्याच्याकडे जाऊ." मी पुस्तक शोधायची, नाना त्या म्हाताऱ्याला घेऊन डॉक्टरकडे, नाहीतर वकिलाकडे जायचे. तुम्हीही पाहिलं असेल, म्हातारं माणूस दवाखान्यात गेलं की त्याला सोडून बाकी सगळ्यांशी बोललं जातं. डॉक्टर मुलाशी बोलू लागला की नाना मध्येच म्हणायचे, "साहेब, दुखतंय याला. याच्याकडे बघून सांगा." एकदा एका डॉक्टरने चिडून विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"यांच्या गाडीचा कंडक्टर," नाना म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

एक दिवस झिपाबाई भिंत चाचपत वाचनालयात आली. साक्रीपलीकडच्या डोंगरातल्या गावची, एकटी राहणारी. वर्षानुवर्षं नानांच्या गाडीतून बाजाराला शेंगा न्यायची. एक डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्याने गेलेला, आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. धुळ्याला भाचीकडे आली होती, जुना कंडक्टर भेटावा म्हणून विचारत विचारत इथवर पोचली. पुढच्या बाजाराला ती सुईवाल्याकडे डोळा दाखवणार होती. साक्रीच्या बाजारात तो चटई टाकून बसायचा. सुई घालून पडदा दूर करायचा आणि माणसाला तिथल्या तिथे दिसायचं.

नानांचा पंजा पुढे आला. "कोनी सांगं तुले?"

"बठ्ठाच सांगतस. आनि सरकारी दवाखानामा डोया काढी लेतस म्हने."

"बठ्ठाच," नाना माझ्याकडे बघून म्हणाले. "सगळेच म्हणे. अख्खी गाडीच विनातिकीट."

मी पुस्तकातलं मोतीबिंदूचं प्रकरण वाचून दाखवलं. मग आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी झिपाबाईचा हात हातात घेऊन तिलाच सांगितलं, "सुईवाला मोतीबिंदू बाहेर काढत नाही, आजी. तो डोळ्याच्या आतच मागे ढकलतो. म्हणून लगेच दिसतं. मग काही दिवसांनी आतून डोळा जातो, आणि तो गेला की माझ्याच्यानेही परत येत नाही."

बाहेर आल्यावर झिपाबाई म्हणाली, "ती तं म्हनीनच. तिनं बी दुकान शे."

डॉक्टरीणबाईंचंही दुकानच म्हणते म्हणून मला राग आला. नाना मात्र खूश झाले. "बरोबर आहे तिचं. डॉक्टरचंही तिकीट बघायला पाहिजे."

त्याच दुपारी ते डेपोत गेले. साक्रीकडच्या गाड्यांवरच्या कंडक्टरांना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पूर्वी एकटं चढायचं आणि आता हात धरून चढतं, असं म्हातारं माणूस कोण कोण आहे?" कंडक्टरला हे ठाऊक असतंच. पुढचे काही दिवस नाना गावोगाव उतरत राहिले. सुईवाल्याकडे जाऊन आलेली माणसं घराघरांतून निघाली. कोणी गोठ्याशेजारी बसलेलं, कोणी ओट्यावर. कोणाच्या मुलांनी बजावलं होतं, बोलू नका, लोक हसतील.

बाजाराच्या दिवशी मी रजा टाकून साक्रीला गेले. नानांनी त्यातलीच सात-आठ आंधळी माणसं सुईवाल्याच्या चटईसमोर गोणपाटावर ओळीने बसवली होती. पलीकडे डोळा दाखवायला आलेल्यांची रांग होती, आणि त्या रांगेत झिपाबाई. सुईवाल्यामागे त्याचं चौकटीतलं सर्टिफिकेट टांगलेलं. तो ओरडू लागला, त्याची माणसं अंगावर आली, हवालदारही आला आणि म्हणाला,

"नाना, कशाला लफडं करता?"

"मी काय केलं? पाशिंजर बसवले," नाना म्हणाले. "उभं राहून दमतात ती."

"देवाची मर्जी असते," सुईवाला गर्दीला सांगू लागला. "माझ्या हाताला यश आहे, विचारा कोणालाही."

"विचारतो ना. म्हणून तर आणलेत," नाना म्हणाले, आणि गाडीत गावांची नावं पुकारायचे त्या आवाजात म्हणाले, "झिपामाय, तू इचार. मी नही इचारनार."

झिपाबाई रांगेतून निघाली. चाचपत आली आणि पहिल्याच म्हाताऱ्यासमोर बसली. बाजाराच्या गलक्यातून माणसं ऐकायला त्या दोघांच्या भोवती सरकली.

"तुले दिखनं व्हतं का रे, भाऊ?"

"दिखनं. आठ दिन दिखनं. नातूनं तोंड मी दखं. मीच याले टोपी-नारय दिधं व्हतं." त्याने सुईवाल्याच्या आवाजाकडे हात केला. "मंग ठणका लागना. आते बठ्ठं अंधारं."

"मंग सांगं का नही कोनले?"

"लाज वाटनी, माय."

ती दुसऱ्यापुढे सरकली. मग तिसरीपुढे. प्रत्येकाला तेच विचारलं, पुरतं ऐकून घेतलं. शेवटच्या बाईचं ऐकून उठली तेव्हा पलीकडची रांग मोडली होती. सुईवाला चटई गुंडाळत होता. झिपाबाई त्याला एवढंच म्हणाली, "ते सर्टिफिकेट बी उचल. इसरशी."

तो पुन्हा साक्रीला दिसला नाही. मी म्हटलं, दुसऱ्या कुठल्यातरी बाजारात बसेल. नाना म्हणाले, "बसू दे. एस.टी. तिथेही जाते."

झिपाबाईचं ऑपरेशन धुळ्याला झालं. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. तो घालून तिने पहिल्यांदा नानांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कंडक्टर, तू तं पार पिकी गया रे."

"तू कोणती कोवळी राहिली?" नाना म्हणाले, पण तोंड भिंतीकडे करून.

त्यानंतर काही वर्षांनी नाना झोपेतच गेले. बातमी डेपोतून गाड्यांबरोबर गावोगाव पोचली, आणि उचलायच्या आधी झिपाबाई आली. एकटी, काठी न घेता. दारात नात्यातल्या कोणीतरी तिला अडवलं. "आजी, इथूनच हात जोडा. आत गर्दी आहे, तुम्हाला काय दिसणार?"

"माले दिखस," ती म्हणाली. "बाजूले व्हा."

लोक बाजूला झाले. ती नानांच्या उशाशी बसली. चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला, आणि वाकून कपाळापासून हनुवटीपर्यंत त्यांचा चेहरा सावकाश बघत राहिली. खांदेकरी उभे होते. तिला ऊठ म्हणायची कोणाची छाती झाली नाही.