मारिसेलचा डबा

आता फजिती माझीच, तेव्हा मीच सांगतो. आईकडून ऐकाल तर तिखटमीठ जास्त पडेल.

आई साताऱ्याहून आमच्याकडे आयर्लंडात, ड्रोहेडाला आली आणि तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. तिला इंग्रजीचा गंध नाही, मी दिवसभर प्लांटमध्ये. सगळी भिस्त वॉर्डातल्या नर्सवर, मारिसेलवर. ती फिलिपिन्सच्या समार बेटावरची, घरची भाषा वाराय. म्हटलं, चार वाक्यं शिकून तिला आपलंसं करू, म्हणजे आईकडे लक्ष राहील. यादी काढून पाठांतर सुरू केलं.

सकाळी 'माउपाय न्गा आगा' म्हणजे सुप्रभात म्हणालो, तर ती मनापासून हसली. झालं, मी हवेत.

दुपारच्या सुट्टीत रिपोर्टचं विचारायला गेलो. ती स्टाफच्या खोलीत डबा उघडून बसलेली. मला बघून म्हणाली, "मंगाओन किता."

मला कळलं ना! यादीतलं चौथं वाक्य: चला, जेवू या. एवढ्या प्रेमानं बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं? बसलो. भात आणि व्हिनेगरमधली कोंबडी. अर्धा डबा संपवूनच उठलो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती खोलीत दिसेना. शोधली, तर चादरींच्या कपाटाआड उभ्या उभ्या घाईनं जेवत होती. बारीक आवाजात म्हणाली, "मंगाओन किता." मी तर लोणचंही नेलं होतं.

संध्याकाळी आईपुढे मिरवलो. "रोज आग्रह करून जेवू घालते मला."

"ती जेवत असतानाच जातोस ना तू?"

"हो."

"मग 'या जेवायला' म्हणणारच ती. रीत असते ती. आपण 'चालू द्या, चालू द्या' म्हणून निघायचं. बारा-बारा तास उभी असते बिचारी, आणि तू तिचा घास खातोस? साताऱ्यात कधी बसला होतास असा कुणाच्या ताटात?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी उठून थालीपिठं लावली, डबा मारिसेलपुढे धरला आणि मान खाली घालून म्हणालो, "मंगाओन किता."

ती पोटावर हात ठेवून हसली. "बुसोग ना अको." म्हणजे पोट भरलंय. मग "यू आर ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत 'असू दे रे', म्हणत डबा घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

यादीत पाचवं वाक्य तेच होतं, 'बुसोग ना अको'. मी ते पाठच केलं नव्हतं. म्हटलं, हे आपल्याला कशाला लागतंय?