मामांच्या पोटातली दृष्ट

आमच्या हिच्या मामांना जितकी दृष्ट लागते, तितकी अख्ख्या पेडणे तालुक्यात कुणाला लागत नसेल. धारगळला हमरस्त्याकडेला त्यांचा कलिंगडांचा मांडव. त्यामुळे येणारीजाणारी प्रत्येक गाडी आपल्यावरच नजर टाकते, अशी त्यांची खात्री. जेवायचे ते रस्त्याकडे पाठ करून. एका गिऱ्हाइकाने सहज "मामा, तब्येत झकास हां!" म्हटलं, तर त्याला त्यांनी कलिंगडच दिलं नाही.

गेल्या वर्षी त्यांना छातीखाली जळजळू लागलं, तेही नेमकं पोट रिकामं असताना. मग मामी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकणार आणि रिवाजाप्रमाणे वर वाटीभर ऊन पेज पाजणार. पेज पोटात गेली की दुखणं गायब! "बगलास? गेली दिश्ट!" मामा विजयी मुद्रेने म्हणायचे. डॉक्टरांचं नाव काढलं की विचारायचे, "डॉक्टराक दिश्ट दिसता?" गुडघ्यांसाठी कुणाला न विचारता आणलेल्या गोळ्या ते सकाळी उपाशीपोटी गिळत, त्यांच्यावर मात्र कधी संशय गेला नाही.

एका सकाळी मुळगावला आमच्या घरी मला त्यांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "जावयबापू, सगळी दिश्ट भायर पडली! डांबरासारखी काळी! जरा घेरी येता, पण ता चलताच."

मी हसणार होतो, तोच आठवलं. आमच्या शाळेतल्या एका सरांचं असंच झालं होतं. शौचाला डांबरासारखं काळं होणं म्हणजे पोटात रक्त वाहत असू शकतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. गाडी काढली, धारगळ गाठलं आणि मामांना तडक इस्पितळात नेलं. वाटेत मामी त्यांचा हात धरून बसल्या होत्या.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. "अल्सर. रक्त वाहत होतं, थांबवलंय. वेळेवर आणलंत." मी भिंतीला टेकून उभा राहिलो, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. सगळी हकिगत ऐकून डॉक्टर मामींना म्हणाले, "मामी, गुण पेजेचा होता. उपाशीपोटी दुखणं आणि खाल्लं की थांबणं, हे ह्याचंच लक्षण. गुडघ्यांच्या त्या गोळ्यांनीच हे झालं, त्या आता बंद."

घरी परतल्यावर मामी सवयीने मीठ-मिरच्या घेऊन आल्या. मामांनी त्या त्यांच्या हातून काढून घेतल्या. "गो, आज तू बस. माझ्यापायी तुझा तोंड सुकान गेला."

एवढ्या संसारात मामींची दृष्ट कुणी काढली नव्हती. मामा चुकतमाकत, उलटसुलट मूठ फिरवत राहिले आणि मामी पाटावर डोळे मिटून लहान मुलीसारख्या बसून राहिल्या.