ओरेस्ट हाव्रिलुकच्या घरचा पायलट पेटेना

ओरेस्ट हाव्रिलुकइतका हट्टी माणूस कॅनडातल्या उभ्या सस्कॅचवानात सापडायचा नाही. मी एकतीस वर्षं त्याच्या दुकानात फोन उचलायला बसले होते, तेव्हा हे बोलायचा हक्क मला आहे. भिंतीत काचेआड जळणाऱ्या गॅसच्या शेकोट्या बसवायच्या आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या, हा त्याचा धंदा. ऑक्टोबरात पारा घसरला की अख्ख्या गावाच्या शेकोट्या एकाच दिवशी रुसायच्या आणि लोक फोनवर माझ्या नावानं शंख करायचे. मी विचारायची, पायलट दिसतोय का, म्हणजे आतली ती छोटी निळी ज्योत? बटण दाबून धरलंत का? "धरलं की बराच वेळ!" बराच वेळ म्हणजे पाच सेकंद. अहो, तीस धरा, मनात मोजा! निम्म्यांची तेवढ्यावर पेटायची. उरलेल्यांकडे ओरेस्ट जायचा.

दारातून आत शिरला की आधी तो थांबायचा, नाक वर करायचा आणि हुंगायचा. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचा. पाना हातात घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. मिसेस पेलेख्सच्या घरी तर कॉफीचा कप तसाच ठेवून तिला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं होतं त्यानं. बाई चिडली, पण तळघरातली नळी खरंच गळत होती. ते नाक गावाच्या भरवशाचं होतं.

बायको स्टेफ्का गेली आणि तो एकटा पडला. गेल्या जानेवारीत दोन दिवस वीज नव्हती. गडी शेकोटी न पेटवताच अंधारात कोट घालून बसून राहिला, कुणाला कळवलंसुद्धा नाही. मुलगी डार्लीन कॅल्गरीला असते, तिला हे कळलं तेव्हा तिचं डोकंच फिरलं. तिनं स्पष्ट सांगितलं, "बाबा, शेकोटीला वीज लागत नाही. ती नीट पेटत असेल तर राहा बापडा आपल्या घरात. नाहीतर मी येणार आणि तुला घेऊन जाणार. इथल्या वृद्धाश्रमात खोली सांगून ठेवलीय." यंदा ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती बघायला यायची होती.

आणि त्याच आठवड्यात त्याचा स्वतःचा पायलट पेटेना.

बुधवारी मी फोनवर म्हटलं, "ज्योत दिसतेय का?"

"व्हर्ना, मला शिकवतेस होय गं? थर्मोकपल बदललंय मी, दोनदा."

"ज्योत येतच नाही ना? मग थर्मोकपल कशाला बदललंस? ज्योत येऊन विझली तर थर्मोकपल, गॅस चालू ठेवणारी ती कांडी. मुळात येतच नसेल तर नळी तुंबलेली. तूच शिकवलंस ना मला?"

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हो. नळी. बघतो." हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं.

शुक्रवारी मी कोबीच्या पानांत भात गुंडाळून केलेले होलुब्त्सी घेऊन त्याच्याकडे गेले. आमच्याकडे मागचं दार कुणी वाजवत नाही. दार लोटलं आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की भांडं हातातून निसटलं. दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात मी तसाच मागे घेतला.

ओरेस्ट शेकोटीपुढे गुडघ्यांवर बसला होता. नळी सांध्यातून सोडवलेली, पुन्हा जोडलेली, पण पान्यानं आवळलेली नाही. अंगठा दुखायला लागला म्हणून पठ्ठ्यानं बटणाच्या खाचेत लाकडाची पाचर मारून ठेवलेली. ज्या गिऱ्हाइकांनी असं केलं त्यांना त्यानं शिव्या घातल्यात, माझ्यादेखत! गॅस सरळ खोलीत येत होता. आणि याच्या हातात काडेपेटी, काडी बाहेर काढलेली.

"टाक ती काडी! मेल्या, टाक म्हणते ना!"

मी त्याची कॉलर धरून त्याला फरफटत अंगणात आणलं. बाहेर उणे अकरा आणि हा नुसत्या स्वेटरवर. गाडीतला पाना आणून भिंतीबाहेरच्या मीटरचा कॉक पाव फेरा फिरवून गॅस तोडला तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला.

"वेड लागलंय का तुला?" मी ओरडले. "घरभर वास सुटलाय आणि तू काडी ओढतोस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेष्टा करत नव्हता तो.

"कसला वास?" म्हणाला.

माझ्या कोटावर होलुब्त्सीचा रस सांडला होता, लसणीचा, आंबवलेल्या कोबीचा. मी बाही त्याच्या नाकाखाली धरली. त्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग मान दुसरीकडे वळवली आणि हळूच म्हणाला, "वर्ष झालं असेल नाक गेल्याला. स्टेफ्काची उशी धुतली नव्हती मी, तीही एक दिवस नुसती उशी झाली. डार्लीनला सांगू नकोस व्हर्ना. हात जोडतो."

मी त्याला गाडीत बसवलं, हीटर लावला आणि फोन घेऊन रस्त्याच्या पार त्या टोकाला गेले. आधी गॅसवाल्यांना कळवलं. मग डार्लीनला. हो, सांगितलं मी तिला, सगळं सांगितलं. रडत होते, पण सांगितलं. ती काडी ओढली गेली असती तर कुणाला काय सांगणार होते मी?

गॅसवाल्यांचा केल्विन अर्ध्या तासात आला. दारं-खिडक्या उघडून घर मोकळं केलं, सांधे आवळले, साबण लावून तपासले. मग पायलटची नळी काढून फुंकली तर आतून कोळ्याचं जाळं निघालं, कापसासारखं. उन्हाळाभर बंद नळीत कोळ्यानं संसार मांडला होता. दहा मिनिटांचं काम. त्यानं बटण दाबलं, ठिणगी पडली, निळी ज्योत उभी राहिली आणि काचेमागे शेकोटी भडकली.

ओरेस्टचा चेहरा पोरासारखा फुलला. "कोळी! बघितलंस? एवढासा कोळी! मला काही झालेलं नाही, नळीच तुंबली होती." केल्विन गेल्यावर त्यानं खुर्ची ओढली, पाय शेकायला घेतले. "यंदा दुसरी खुर्ची पण इथंच आणतो. तू येत जा संध्याकाळी. रविवारी ती येऊ दे, बघेल आपल्या डोळ्यांनी. आत्ताच फोन लावू का, पेटली म्हणून?"

"मी केलाय तिला फोन."

"सांगितलंस, पेटली म्हणून?"

"नाही रे ओरेस्ट. वासाचं सांगितलं. ती उद्याच निघतेय."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं शेकायला धरलेले पाय मागे घेतले.

"मग बंद कर ती," म्हणाला. "उगाच कशाला जाळायची."

मी गुडघे टेकले, बटणाला हात लावला, पण मला काही ते फिरवता येईना. शेवटी तोच वाकला आणि त्यानंच फिरवलं.